न धुतलेली लोकर

चाळीस वर्षं ताईनं लोकांना स्वेटर विणून घातले, पण मांजरासाठी सुई हातात धरायची नाही म्हणजे नाही. धाकटी बहीण काही पाठ सोडायची नाही. "ताई, मुकादमाला एक उंदीर विणून दे ना गं. तुला काय, अर्ध्या तासाचं काम." ताईचं उत्तर ठरलेलं होतं. "माझ्या सुया माणसांसाठी आहेत. त्याला उंदीर हवा असेल तर त्यानं जाऊन धरावा. बोका आहे ना तो, की पाहुणा?"

मुकादम म्हणजे धाकटीनं तिच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या दारातून उचलून आणलेला करडा बोका. स्वतः काडीचं काम करायचं नाही आणि दुसरा करत असला की समोर बसून डोळे बारीक करून बघत राहायचं, म्हणून हे नाव. ताई विणायला बसली की तो गुंड्यापासून बरोबर हातभर अंतर राखून बसायचा. पंजा लावायची हिंमत नव्हती. एकदा लावला होता, आणि ताईनं त्याला जे सुनावलं ते तीन घरांपलीकडे ऐकू गेलं होतं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी धाकटीनं उरलीसुरली लोकर घेऊन स्वतःच उंदीर विणला. पुस्तकं बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण विणकामाशी तिचा छत्तीसचा आकडा. कुठे टाके वाढले, कुठे गळले, पोट एकीकडे गेलं आणि कान सापडेनात. ताईनं तो दोन बोटांत धरून उचलला आणि म्हणाली, "अगं बाई, बटाट्याला शेपूट फुटलंय!" धाकटी हसून हसून आडवी झाली. मुकादमानं मात्र तो बटाटा वर्षभर तोंडात धरून घरभर मिरवला. एक दिवस तो धाग्याधाग्यानं संपला आणि "ताई, दे ना गं" पुन्हा सुरू झालं.

आता ते कुणी म्हणणार नव्हतं. साध्या तापाचं निमित्त झालं आणि पाचव्या दिवशी धाकटी गेली. दवाखान्यात तिला धड बोलता येत नव्हतं, तरी म्हणाली, "मुकादमाकडे बघशील ना?" ताई म्हणाली, "बघते गं, तू आधी गप्प पड." दोघींचं शेवटचं बोलणं ते एवढंच. पाठच्या बहिणीला शेवटचं सांगितलं काय, तर गप्प पड! ते आठवलं की ताईला वाटायचं, स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावी.

दुःखात कुणी रडतं, कुणी बोलत सुटतं. ताईनं धुणं काढलं. धाकटी गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी तिनं धाकटीच्या चादरी, टॉवेल, कपाटातले सगळे कपडे गरम पाण्यात भिजवले, पायपुसणंसुद्धा सोडलं नाही. धाकटीच्या उशीवर मुकादम वेटोळं करून पडला होता. त्याला उचलून खाली ठेवलं आणि अभ्रा ओढून काढला. फरशी पुसली, पलंग पुसला, दारंखिडक्या पुसल्या. संध्याकाळी घर कसं लख्ख झालं. तोवर बोका निदान दूध तरी चाटत होता. त्या संध्याकाळपासून त्यानं तेही बंद केलं.

अंडं उकडून दिलं, मासा दिला. तो हुंगायचासुद्धा नाही. नुसता खोलीखोलीत जायचा, पलंगाच्या कोपऱ्यांना नाक लावायचा आणि परत यायचा. तिसऱ्या दिवशी ताई त्याला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "आजार असा काही नाही. हा वाट बघतोय. पण बोका असा उपाशी राहिला की आतून बिघडायला लागतो, वेळ लागत नाही. मी सुईवाटे औषध-पाणी घालते, त्यावर दोनतीन दिवस निघतील. तेवढ्यात यानं खाल्लं पाहिजे. तिच्या अंगावरचं काहीतरी द्या त्याला. तिचा वास असलेलं."

"सगळं धुतलं मी," ताई म्हणाली.

"सगळं?"

ताईनं मान डोलावली. डॉक्टरीणबाई सुई भरायला वळल्या, आणि ताईला तेच जास्त लागलं. बहिणीनं एक गोष्ट मागितली होती, एकच, आणि ती सात दिवसांत हातची चालली होती.

घरी आली तर दारात मास्तर उभे. मास्तर म्हणजे धाकटीचे कारखान्यातले जोडीदार. ते पुस्तकं शिवायचे, ती पुठ्ठे चढवायची. त्यांच्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "ताई, हा तिच्या खिळ्यावर टांगलेला होता. म्हटलं, तुमच्याकडे असावा."

आत विटकरी रंगाचा, पुढून बटणांचा स्वेटर होता. ताईनंच बारा वर्षांपूर्वी विणलेला. कोपरं झिजलेली, छातीवर पुठ्ठे चिकटवायच्या खळीचे वाळके ठिपके, कारण धाकटी हात पुसायला फडकं कधी शोधायची नाही. "कारखान्यात राहिला, कारखान्यात राहिला" असं ती चार महिने सांगत होती.

"राहिला कसा म्हणते मी रोज रोज?" ताई म्हणाली.

मास्तर चपलांकडे बघायला लागले. "राग मानू नका ताई. राहिला नव्हता, ती ठेवायची. म्हणायची, घरी नेला की ताई लगेच धुऊन टाकते, मग मला माझाच स्वेटर ओळखू येत नाही."

मास्तर गेल्यावर ताई खुर्चीवर बसली आणि तिनं स्वेटरमध्ये तोंड खुपसलं. चाळीस वर्षं लोकरीचा केर ओढून तिचं नाक कामातून गेलेलं, फोडणी करपली तरी कळायचं नाही. पण हा वास कळला. आंबूस खळ, ती दाढेखाली धरायची त्या लवंगेचा वास, आणि त्याच्या खाली धाकटी. "चिमणे," ती स्वेटरातच म्हणाली. लहानपणापासून ती तिला चिमणीच म्हणत आली होती.

टोपलीतून मुकादम बाहेर आला. त्याची पाठ ताठ झाली, तो धावत आला आणि दोन्ही पंजे स्वेटरला रोवून ओढायला लागला. चरचर करत एक धागा निघाला. ताईनं स्वेटर हिसकावून वर धरला. "ए! अजिबात नाही. हा माझा आहे." आणि सरळ कपाटात घालून कुलूप लावलं.

बोका कपाटासमोर बसला. ओरडला नाही, नुसता बसून राहिला. ताईनं काम करून पाहिलं, पेपर उघडून पाहिला. शेवटी तिची तिलाच लाज वाटली. साठी उलटलेली बाई मांजराशी वाटणी करायला बसली होती! पण खरं सांगायचं तर तिला तो स्वेटर द्यायचा नव्हता. धाकटीचं म्हणून एवढंच उरलं होतं. मुकादमाच्या हाती गेला असता तर चार दिवसांत त्याच्या चिंध्या झाल्या असत्या.

मग तिनं मधला मार्ग काढला. एक बाही द्यायची. बाही उसवून त्या लोकरीचा उंदीर विणायचा, धाकटीनं इतकी वर्षं मागितलेला. म्हणजे बोकाही जगेल आणि स्वेटरही राहील.

बाही उसवायला वेळ लागला नाही. उसवलेली लोकर कशी असते, प्रत्येक टाक्याची आठवण धरून वाकडीतिकडी. ताईनं ती खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी केली, चार ठिकाणी बांधली, साबणाच्या कोमट पाण्यात बुडवली, पिळली, खाली वजन अडकवून दोरीवर टांगली. दुसऱ्या दिवशी दुपारी लोकर नव्यासारखी सरळ झाली होती. मग ती विणायला बसली. उंदीर कसला देखणा झाला म्हणता! एकसारखे टाके, दोन कान, काळ्या दोऱ्याचे डोळे, वळलेली शेपटी. धाकटीला दाखवायला हवा होता.

तिनं तो मुकादमापुढे ठेवला. त्यानं एकदा हुंगला, मान वळवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

"अरे, तुझ्या आईचा स्वेटर आहे तो! घे की!" ताईनं उंदीर उचलून त्याच्या नाकाला लावला. त्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. मग तिनं तो स्वतःच्या नाकाला लावला. साबण.

उसवलेली लोकर धुतल्याशिवाय सुईला लावायची नाही, हे तिनं शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. हातांनी डोक्याला न विचारता धुतली. जित्याची खोड! बहिणीनं चार महिने तिच्यापासून लपवून ठेवलेली एकच गोष्ट, आणि ती हाती येताच तिनं काय केलं, तर धुतली. ताई जमिनीवरच बसली आणि पहिल्यांदा रडली. चांगली हमसून हमसून रडली, शेजारचे ऐकतील याची पर्वा न करता. बोका भिंतीकडेच तोंड करून पडलेला होता. त्याच्या पाठीचं हाड दिसायला लागलं होतं.

ते हाड बघून ती उठली. कपाट उघडलं. बाहीचा भाग नको, छातीचाच हवा, जिथे ती हात पुसायची तिथला. ताईनं स्वेटर मांडीवर घेतला, एकदा, शेवटचा, सबंध स्वेटर म्हणून छातीशी धरला, आणि कात्रीनं टाका कापला.

लडी नाही, पाणी नाही. स्वेटर मांडीवर उसवत होता आणि तीच लोकर तशीच्या तशी सुईवर चढत होती. वाकडी लोकर ताणली जाईना. खळीचे वाळके कण सुईला अडकत होते. ते तिनं नखानं काढले नाहीत, तसेच विणून टाकले. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, त्यामुळे टाके मोजता येत नव्हते. कुठे वाढले, कुठे गळले. चाळीस वर्षांत एवढं वाईट काम तिच्या हातून झालं नव्हतं. टाके बंद करून तिनं ते डोळ्यांसमोर धरलं. पोट एकीकडे, कानांचा पत्ता नाही.

बटाट्याला शेपूट फुटलं होतं.

"बघ गं चिमणे," ती म्हणाली, "झाला तुझ्यासारखा."

मुकादमाचं नाक आधी हललं. मग तो उठला, पाय लटपटत होते तरी आला, आणि त्या बटाट्यात त्यानं अख्खं तोंड खुपसलं. पंजांनी तो मळत राहिला आणि किती दिवसांनी त्याच्या गळ्यात घुरघुर सुरू झाली. साडेसहाच्या सुमारास त्यानं उंदीर तोंडात धरला, दारापाशी नेला, उंबऱ्यावर ठेवला आणि दाराकडे बघत बसला. धाकटीची कारखान्यातून यायची वेळ हीच होती.

ताई त्याच्या शेजारी जाऊन बसली. "ती यायची नाही रे राजा," ती म्हणाली. त्याला काय कळणार! दोघंही बराच वेळ दाराकडे बघत बसली. मग तिनं वाटी तिथेच आणली. एक पंजा उंदरावर ठेवून बोक्यानं आधी नुसतं चाटलं, मग निम्मं दूध संपवलं.

महिनाभरात तो उंदीर चाटून चाटून बोळा झाला. मुकादम तो आणून ताईच्या पायाशी टाकायला लागला, तेव्हा तिनं स्वेटर पुन्हा मांडीवर घेतला. मग आणखी एकदा. दरवेळी बटाटाच विणायचा, नीट विणायचा नाही. स्वेटर कमी होत होत गळपट्टी आणि वरचं एक बटण एवढंच उरलं.

ती गळपट्टी उसवायच्या आधी तिनं नाकाशी धरली. जोरात श्वास ओढला, डोळे मिटून पुन्हा ओढला. काहीच नाही. लोकर होती, नुसती लोकर.

मुकादम हातभर अंतरावर बसून बघत होता. ताईनं गळपट्टी त्याच्यापुढे धरली. "तूच सांग बाबा," ती म्हणाली. "माझं नाक गेलं. येतो का रे तिचा वास अजून?"

त्यानं मान पुढे केली, नाक त्या लोकरीत घातलं आणि ते बाहेर काढेचना. ताई हात न हलवता तशीच बसून राहिली.

"येतो म्हणतोस," ती म्हणाली, आणि सुया घ्यायला उठली.