रोह्याला न गेलेले मास्तर

"अवो, एसटी जाईल ना!" मालूबाईंनी गणपतीच्या कारखान्याच्या दारातून तिसऱ्यांदा हाक मारली.

पुंडलिक म्हात्रेंनी श्वास रोखून धरला होता. मूर्तीच्या डाव्या डोळ्याची वरची रेघ पुरी झाली, तेव्हाच त्यांनी तो सोडला.

"मना नाय जमायचं. नूतनला पाठव."

"सत्कार बापाचा, नि पोरगी जाऊन शाल घेणार?"

"डोळे दुसरा कोणी आखील, मास्तर," कारखान्याचे मालक दाजी म्हणाले. "अकराच मूर्ती राहिल्यात. जा की."

"आखणी धरली ती सोडायची नाय. दुसऱ्याचा हात लागला की नजर फिरते."

पेणजवळच्या जोह्यात या बोलण्यावर कोणी वाद घालत नाही. एका हाताने सुरू केलेल्या खेपेचे डोळे दुसऱ्या हाताने पुरे करत नाहीत. दाजी आपल्या कामाला लागले. मालूबाई मात्र बायको होत्या.

"बावीस वर्षं हाफचड्डी घालून पोरांमागं धावलात, तवा लाज नाय वाटली. आता शाल घ्यायची लाज वाटते व्हय?"

म्हात्रेंनी कुंचला रंगात बुडवला आणि पुढची मूर्ती जवळ ओढली. नूतन, त्यांची मुलगी, साडेआठच्या एसटीने एकटीच गेली.

हे १९९६ सालचं. गणपतीला पंधरा दिवस होते. जिल्ह्यातल्या बालवीर पथकांचे जुने पथकप्रमुख निवडून त्यांचा रोह्यात सत्कार व्हायचा होता. जोह्याचं पथक म्हात्रेंनी १९७४ मध्ये सुरू केलं. पगार नाही, मानधन नाही. दर रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर ते हजर असत. चारशेहून जास्त मुलं त्यांच्या हाताखालून गेली होती. त्यातल्या एकामुळे ते रोह्याला जात नव्हते, आणि हे त्यांनी घरात कोणालाही सांगितलं नव्हतं.

जानेवारी १९८३. पथकाचं शिबिर रोह्याकडच्या खांब गावी होतं. तिसऱ्या सकाळी एक शेतकरी तणतणत आला. त्याच्या शेतातल्या वालाच्या शेंगा कोणीतरी तोडल्या होत्या. मडक्यात शेंगा भाजून खायच्या पोपटीचे दिवस होते, संशय पोरांवर जाणारच. म्हात्रेंनी मुलांना रांगेत उभं करून विचारलं. कोणी बोललं नाही. मग पिशव्या तपासल्या. आदेश घरतच्या पिशवीत पसाभर शेंगा निघाल्या आणि मडक्यात घालायचा भांबुर्डीचा पाला.

"कुठून आणल्यास?"

"चोरल्या नाय, सर."

"मग कोणी दिल्या?"

"ते नाय सांगायचं."

आदेश तेव्हा बारा वर्षांचा होता. म्हात्रेंनी सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यातला स्कार्फ काढून घेतला आणि हायवेवर नेऊन त्याला एकट्याला पेणच्या एसटीत बसवलं.

तीन वर्षांनी पेणच्या बाजारात त्या शेतकऱ्याची बायको, धोंडुबाई, भेटली. नवरा वारला होता, आता बोलायला तिला भीती नव्हती. "तो तुमचा बारका पोरगा गुणाचा हो. माझा पाय मुरगळलेला, दोन दिवस पाणी भरलान माझं. मीच दिल्या शेंगा. घरधन्याला कळलं तर मारील, कोणाला सांगू नको म्हटलं. बोलला नाय ना कुणाला?"

दिलेला शब्द पाळायचा, हे म्हात्रेंनीच शिकवलेलं होतं.

तोपर्यंत घरत कुटुंब रोह्याला गेलं होतं. बापाला कंपनीत नोकरी लागली होती. जोह्याहून रोहा काही लांब नाही. पुढच्या महिन्यात जाऊ, असं म्हणता म्हणता दहा वर्षं गेली. आता त्याच गावात शाल घ्यायला उभं राहायचं, आणि समोर तो बसलेला असला तर?

अकरा मूर्ती पावणेअकराला संपल्या. रोह्यात कार्यक्रम अकराला होता. म्हात्रे कुंचले धूत बसले.

नूतन पाच वाजता परतली. मालूबाईंनी शाल हातात घेऊन तिचा पोत पाहिला. "बरी हाय. हिवाळ्यात होईल."

"बाबा, एक माणूस तुमची वाट बघत होता," नूतन म्हणाली. "मागं उभाच होता, खुर्ची दिली तरी बसला नाही. कार्यक्रम संपल्यावर आला नि म्हणाला, सर नाय आले?"

"नाव काय?"

"आदेश. पेपरात तुमचं नाव वाचून आलेला. तुमच्या पथकात होता म्हणे, एक शिबिर."

"अजून काय बोलला?"

"कंपनीनं गुजरातला पाठवलंय. आज दुपारच्याच गाडीनं गेला, आईला घेऊन. म्हणाला, सरांना सांग, आदेश येऊन गेला."

"पत्ता घेतलास?"

"मला काय माहीत, बाबा, कोण तो? तुम्ही कधी बोललात त्याच्याबद्दल?"

मालूबाईंनी शालीची घडी घालता घालता नवऱ्याकडे पाहिलं. त्या रात्री म्हात्रेंनी पहिल्यांदा त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "दहा वर्षं?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी म्हात्रे रोह्याला गेले. घरतांची खोली रिकामी होती. बाप वर्षापूर्वी वारला होता. शेजारणीला गुजरात एवढंच माहीत होतं. कंपनीच्या गेटवरच्या माणसाने कंत्राटदाराचं नाव सांगितलं. कंत्राटदार म्हणाला, पंचवीस पोरं पाठवली, कोण कुठल्या साइटवर ते तिकडचा मुकादम जाणे.

रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर एकोणीस मुलं रांगेत होती. पावसाने उघडीप दिली होती. म्हात्रेंनी नेहमीची कवायत सुरू केली नाही.

"खांबच्या शिबिरात मी एका पोराला चोर ठरवलं," ते म्हणाले. "रांगेसमोर. तो चोर नव्हता. त्याचं नाव आदेश घरत. मना नंतर कळलं, पण मी त्याच्याकडं गेलो नाय. चूक माझी."

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. त्यातली बरीचशी तेव्हा जन्मलीच नव्हती.

"सर, तो कुठं असतो आता?" पहिल्या जागेवरच्या साहिलने विचारलं.

"गुजरातेत कुठंतरी."

"मग तुम्ही बोललात ते त्याला कळणार कसं?"

"नाय कळायचं."

म्हात्रेंनी स्वतःच्या गळ्यातला स्कार्फ काढला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि शिट्टी साहिलच्या हातात दिली. "आज कवायत तू घे."

"मी, सर?"

"तू."

ते रांगेच्या टोकाला गेले आणि सगळ्यात लहान मुलाच्या पलीकडे उभे राहिले. साहिल पुढे आला, घसा खाकरला. त्याने हुकूम दिला तेव्हा आवाज थोडा फाटला. रांगेत इतर कोणाच्याही आधी म्हात्रेंच्या टाचा जुळल्या.