मार्लेनी दचकत नव्हती

मित्रांनो, गाडीच्या पुढच्या बाकाखाली, चार स्क्रूंनी पत्र्याला जखडलेला, पाठ्यपुस्तकाएवढा एक जुना काळा डबा असतो. तो मी. लोक मला सिग्नल प्रोसेसर म्हणतात. गाणं रेडिओतून निघतं, माझ्याकडे येतं, आणि कोणत्या स्पीकरने कधी आणि किती बोलायचं ते मी ठरवतो. एवढं सगळं मी करतो, पण मला स्वतःला कान नाहीत. ही माझी पहिली आणि शेवटची उणीव.

मी बोनाओ नावाच्या गावात राहतो. माझा मालक आम्बियोरिक्स केळ्यांची ने-आण करतो आणि रविवारी गाडी वाजवतो. गाडी वाजवणं म्हणजे काय, ते आमच्याकडे सांगावं लागत नाही. नदीकाठी गाड्या धुवायला जातात, मग मागची दारं वर होतात आणि स्पीकरांच्या भिंती एकमेकींना आव्हान देतात.

मला जोडलं तेओफिलोने. त्याला सगळे उस्ताद म्हणतात. त्याने पूर्ण दिवस घेतला. बॅटरीची जाड तार गाडीच्या डाव्या अंगाने नेली, गाण्याच्या बारीक तारा उजव्या अंगाने. "दोघी शेजारी झोपल्या की इंजिन गाण्यात कुरकुरतं," तो म्हणाला. अर्थिंगची तार लावण्याआधी त्याने पत्र्यावरचा रंग खरवडून लख्ख केला. शेवटी त्याने माझ्यात एक मर्यादा घातली. आवाज तिथे पोचला की मी तो दाबून धरायचा, पुढे जाऊ द्यायचा नाही. त्या दिवशी मला फार प्रतिष्ठित वाटलं होतं.

दोन वर्षं सुखात गेली. मग आम्बियोरिक्सची लेक मार्लेनी जन्मली आणि त्याच वर्षी रेगुलो नावाचा एक माणूस मोठी गाडी घेऊन नदीवर आला.

"उस्ताद, ती मर्यादा काढ," आम्बियोरिक्स म्हणाला. "रेगुलो माझी इज्जत धुऊन काढतोय."

"स्पीकर फाटले तर माझ्या दारात रडत येऊ नकोस."

"फाटू देत. नवे घेईन."

"तुझी मर्जी, बाबा."

तेओफिलोने संगणक जोडला, दोनदा बटण दाबलं. काळजी दोघांनाही होती, पण ती स्पीकरांची. ते बोलत होते तेव्हा मार्लेनी बापाच्या खांद्यावर होती. मीही गप्प राहिलो. गप्प राहण्याशिवाय मला काय येतं म्हणा!

त्या रविवारी आम्ही जिंकलो. त्यानंतर एक नवीच रीत पडली. मार्लेनी रडायला लागली की आम्बियोरिक्स तिला मागे मोठ्या स्पीकरच्या पेटीवर, उशी घालून निजवायचा. पेटी थरथरायची आणि पोर पाच मिनिटांत गाढ. लोक गोळा व्हायचे. किराणा दुकानवाल्या फेफाबाई तर टाळ्या पिटायच्या. "अगं बाई, पापणीसुद्धा हलत नाही! बापाची लेक शोभते हो!"

"आईच्या पोटातच ऐकून आलीये सगळं," आम्बियोरिक्स छाती फुगवायचा.

तिच्या आईला, युदेल्काला मात्र हे कौतुक गोड लागत नव्हतं. ती कापूस आणायची, पोरीच्या कानात घालायची. घटकाभरात तो गळून पडायचा.

"झोपते ते ठीक आहे," ती एकदा म्हणाली. "पण दचकत का नाही?"

"सवय झाली तिला. तू मात्र कुकरच्या शिट्टीलाही उडतेस!"

सगळे हसले. युदेल्काही हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत.

मार्लेनी दीड वर्षाची झाली, तरी आईला 'मामी' म्हणून हाक मारेना. एका सकाळी गाडी दारात उभी होती. युदेल्का मागच्या बाकावर लेकीशेजारी बसली होती. तिने मार्लेनीच्या डोक्यामागे बिस्किटाचा पुडा चुरचुरवला. पोर खिडकीबाहेर बघत राहिली. युदेल्काने हळू शीळ घातली. काही नाही. नाव घेऊन हाक मारली. काही नाही.

तेवढ्यात आम्बियोरिक्सने आत बसून धाडकन दार लावलं. मार्लेनी वळली.

"बघ! वळली की! उगाच जीव टांगणीला लावतेस."

"गाडी हलली म्हणून वळली ती," युदेल्का म्हणाली. "आता तू हाक मार. दार न आपटता."

त्याने हाक मारली. मग मोठ्याने मारली. तिसऱ्या हाकेला त्याचाच आवाज फाटला.

राजधानीतल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. मोठ्या आवाजाने दोन्ही कान बिघडलेत; बारीक, उंच आवाज आता ऐकू येत नाहीत आणि ते परत यायचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं. कानाला यंत्रं लावावी लागतील आणि बोलणं शिकवावं लागेल. परतीच्या वाटेवर रेडिओ चालू होता, पण आवाज शून्यावर. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. तशी शांतता मी कधी वाहून नेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्बियोरिक्स गाडी घेऊन तेओफिलोकडे गेला. मोठे स्पीकर त्याने स्वतःच उचकटून काढले होते.

"उस्ताद, तुझ्या या यंत्रात बारीक आवाज वर चढवता येतात ना?"

"येतात की."

"मग चढव. पोरीला ऐकू येईल इतके चढव."

तेओफिलोने संगणक उघडलासुद्धा नाही. तो खाली फरशीवर बसला. "तार तुटली तर मी जोडतो, आम्बियोरिक्स. तिच्या कानातलं जे तुटलंय, त्याला जोडायला माझ्याकडे तार नाही. चूक माझीही आहे. तू सांगितलंस आणि मी बटण दाबलं."

मित्रांनो, मला थांबायला सांगितलं असतं तर मी आनंदाने थांबलो असतो. आपणहून थांबण्याची सोय माझ्यात नाही, ती तुमच्यात आहे. म्हणून एवढं ऐका. तुमच्या घरातलं तान्हं मूल मोठ्या आवाजात शांत झोपलं, तर टाळ्या पिटू नका. आधी आवाज बंद करा, मग ते जागं झालं की त्याच्या मागे उभे राहून हळूच त्याला हाक मारा. आणि ते वळलं नाही, तर 'सवय झाली' म्हणून सोडू नका, डॉक्टर गाठा.