तारेसाठी एक थेंब

खोडरबरवर माझा पहिल्यापासून संशय होता. चाळिशी ओलांडलेला संशोधक, पण वहीत कधी पेनाने लिहायचा नाही. पेन्सिलीने लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. म्हणून हे नाव. आपलंच लिहिलेलं पुसत बसणाऱ्या माणसाच्या पोटात काय असेल, कोण जाणे.

आमच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या मेंदूच्या पातळ चकत्या खारट पाण्यात जिवंत ठेवतात, आणि एकेका पेशीत काचेची सुई टोचून तिच्यातली वीज मोजतात. या सुया भरायचं काम तीस वर्षं माझ्याकडे आहे. अक्षरं मी उशिरा शिकले, त्यामुळे प्रत्येक बाटलीचं लेबल दोनदा वाचते. माझ्या हातून बाटली कधी चुकलेली नाही.

आमच्या मुख्य डॉक्टरबाईंनी मला एकदा समजावलं होतं. "मावशी, मेंदूत काही पेशी इतरांना गप्प बसवतात. त्या एकमेकींनाही आवरतात. निरोप आला की पेशीचं दार उघडतं, क्लोराइड आत शिरतं, पेशी शांत. पण आत आधीच क्लोराइड साठलेलं असेल तर तेच दार उघडल्यावर ते बाहेर पळतं, आणि पेशी शांत व्हायच्या ऐवजी उसळते. ते साठू नये म्हणून पेशीत एक पंप असतो. फिट येणाऱ्या उंदरांत, गप्प बसवणाऱ्या पेशींचाच पंप मंदावलाय, असं मला वाटतं."

"म्हणजे दंगल आवरायला आलेले पोलीसच दगड मारणार."

बाई हसल्या. मला काही हसू आलं नाही. माझी नात आठ वर्षांची. शांत करणाऱ्या गोळ्या घेऊनही तिच्या फिट थांबत नव्हत्या. बाईंचं म्हणणं खरं ठरलं, तर पेशीत क्लोराइड साठू न देणारं नवं औषध काही मुलांना देऊन बघणार होते. शुक्रवारी यादी ठरणार होती, आणि नातीचं नाव तिसरं होतं.

निरोगी उंदरांच्या पेशींत क्लोराइड कमी, हे बाईंनी गेल्या वर्षी मोजलं होतं. फिटवाल्यांच्या पेशी भरलेल्या, हे या वर्षी. शुक्रवारच्या बैठकीसाठी फाइल तयार झाली, आणि तेवढ्यात खोडरबरने खात्री म्हणून निरोगी उंदीर पुन्हा तपासले. तर त्यांच्याही पेशी काठोकाठ भरलेल्या! मग फिटचा दोष पंपावर कसा टाकायचा?

बाई दार लावून माझ्याशी बोलल्या. "पंपाची कल्पना त्यांना आधीपासून पटत नाही. आता बरोबर शेवटच्या आठवड्यात हे निघतं?"

मी पाळत ठेवायला लागले. तो माझ्या बाटल्या उजेडात धरून बघायचा. बाक पुसायचं निमित्त करून माझ्या खणाजवळ घुटमळायचा. बुधवारी तर सरळ म्हणाला, "मावशी, सुया भरताना शेजारी उभा राहिलो तर चालेल?"

"का? माझी नोकरी हवीय?"

"नुसतं बघायचंय."

"बघायला तिकीट लागतं," असं म्हणून मी दार ओढून घेतलं आणि तडक बाईंकडे गेले. माझ्या खणाजवळची त्याची घुटमळ तिखटमीठ लावून सांगितली. बाई म्हणाल्या, "वाटलंच. उद्या त्यांचं काम फाइलमधून काढते. त्यांनाही काढते." मला बरं वाटलं. नातीचं नाव बचावलं.

गुरुवारी सकाळी सुया भरायला बसले. क्लोराइड नसलेलं द्रावण. लेबल दोनदा वाचलं. सुई भरली. मग हात आपोआप खणात गेला आणि छोटी बाटली घेऊन बाहेर आला.

तिथेच थांबला.

सुईत चांदीची तार असते. क्लोराइड मिळालं नाही तर ती स्थिर राहत नाही, पडद्यावरची रेषा सरकत राहते. या वर्षाच्या सुरुवातीला बाई सारख्या करवादायच्या, "मावशी, रेषा सरकतेय!" तेव्हा मला बाईंच्या आधी इथे असलेल्या जुन्या सरांची युक्ती आठवली. मागून पोटॅशियम क्लोराइडचा एक थेंब सोडायचा, तार गप्प. त्या दिवसापासून प्रत्येक सुईत सोडत होते. सांगितलं कुणालाच नाही. हाताच्या सवयी काय सांगायच्या? पण जुने सर क्लोराइड मोजत नव्हते. आणि सुईतलं द्रावण टोकातून पेशीत झिरपतं, हे मी तीस वर्षं ऐकत आले होते.

चोर शोधत गावभर फिरले, आणि क्लोराइड माझ्याच खणात.

कुणी पाहिलं नव्हतं. बाटली मोरीत ओतली की विषय संपला. खोडरबर जाईल, फाइल पुढे सरकेल, तिसरं नाव तिसरंच राहील. बाटलीचं बूच काढून मी मोरीपाशी उभीही राहिले. फिट ओसरली की नात विचारते, "आजी, मी पडले होते का?" तिचा पंप धडधाकट असला तर? माझ्या थेंबाच्या भरवशावर तिच्या पोटात भलतंच औषध जायचं.

मी बूच लावलं आणि खोडरबरला हाक मारली. "या. तिकीट माफ."

त्याच्यासमोर एक सुई भरली, थेंबासकट. त्याने ती छोटी बाटली उजेडात धरली. "मला वाटलं, बाटल्या बदलल्या जातायत."

"लेबल मी दोनदा वाचते," मी म्हणाले.

त्याने माझ्याच बाकावरचं पेन उचललं आणि वहीत लिहिलं.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या. "फिटवाल्यांच्याही सुया अशाच?"

"या वर्षीच्या सगळ्या."

  त्यांनी फोन उचलला आणि शुक्रवारची बैठक रद्द करायला सांगितली.

शुक्रवारी थेंबाशिवाय मोजलं. रेषा सरकत होती, खोडरबर दर वेळी ती मागे आणत होता. निरोगी पेशी निरोप येताच शांत झाल्या. फिटवाल्यांच्या दोन पेशी मिळाल्या. एक उसळली, एक नाही.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे अजून काहीच नाही, मावशी. निदान चाळीस पेशी लागतील," खोडरबर म्हणाला.

दुपारी मुलीचा फोन आला. "आई, नाव लागलं?"

"यादीच निघाली नाही."

"कुणामुळे?"

"माझ्यामुळे," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "घरी ये, मग बोलते तुझ्याशी."

"उशीर होईल," मी म्हणाले. "काच तापवून सोमवारच्या सुया ओढून ठेवायच्यात. चाळीस."