ओठांवर बसणारं वाक्य

बाईंनी कानांवर हेडफोन चढवले, पाण्याचा ग्लास माइकपासून बाजूला सारला आणि काचेपलीकडे पाहिलं. तिथे सोफ्यावर माई बसली होती, पायाशी बॅग घेऊन. स्टुडिओतले सगळे तिला बाईंची बहीण समजत, कारण बाईंनीच तसं सांगून ठेवलं होतं. घरमालकालाही तेच, आणि गेल्या आठवड्यात दवाखान्यात डॉक्टरांनाही तेच.

“आज पुन्हा ते बहिणीचं वाक्य म्हणालीस, तर मी तिथूनच भावाकडे जाईन,” असं माईने सकाळी बजावलं होतं. माईचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पडद्यावर जुना परदेशी सिनेमा होता. घरमालक दारात येऊन विचारतो, ही कोण? नायिका मान वर करून सांगते, हिच्यावर माझं प्रेम आहे. डबिंगच्या कागदावर मात्र लिहिलं होतं, ‘ही माझी धाकटी बहीण आहे.’ असल्या कितीतरी नायिकांना बाईंनी आवाज दिला होता. कुणी विष घेतलं, कुणाला वेड लागलं. उरलेल्या डबिंगमध्ये बहिणी झाल्या.

“कागदावरचंच म्हणा हं, बाई,” दिग्दर्शक म्हणाला. “मागे एकीने शहाणपणा केला. परत काम मिळालं नाही तिला.”

लाल दिवा लागला आणि बाई म्हणून गेल्या.

“वा! पहिल्याच टेकला! जराही खोटं वाटलं नाही हो.”

सवयीने जीभ वळली होती, दुसरं काय! पलीकडे माईने बॅग खांद्याला लावली.

“आणखी एक टेक,” बाई घाईघाईने म्हणाल्या.

“कशाला? ओके आहे की.”

“चुकलंय माझं.”

चित्र मागे गेलं. पुन्हा दार, पुन्हा तोच प्रश्न. बाईंनी कागद पालथा घातला. काचेपलीकडे माई दारापाशी पोचली होती. पडद्याकडे न बघता, तिच्याकडेच बघत त्या म्हणाल्या,

“हिच्यावर माझं प्रेम आहे.”

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. रेकॉर्डिस्टने तुकडा पुन्हा लावून पाहिला.

“नायिकेच्या ओठांवर हेच नीट बसतंय, सर.”

“पुसून टाक. आणि बाई, उद्यापासून येऊ नका. जा, बहिणीला घेऊन घरी जा.”

बाई बाहेर आल्या. माई दार उघडं धरून उभी होती. तिने खांद्यावरची बॅग उतरवली आणि बाईंच्या हातात दिली.

“धर,” ती म्हणाली. “खांदा दुखायला लागला माझा.”