दुसरी लेडी ड्रमकॅरिक

जॉर्जिनाने वडिलांच्या ताटलीतल्या मटणाचे बारीक तुकडे केले आणि काटा त्यांच्या हातात दिला.

"रेडमंडला पुरलं, झालं," लॉर्ड ड्रमकॅरिक म्हणाले. "घोड्यावर नीट बसता येत नव्हतं गाढवाला. आता माझ्यामागे कोण?"

"मी आहे, पपा."

"तू!" ते हसले. "घर सांभाळलंस, शेतीवाडी सांभाळलीस, उपकार झाले. पण पदवी पोरीकडे जात नाही, हे या वयात शिकवू का तुला?"

शिकवायला नकोच होतं. क्रॉमवेलच्या फौजेबरोबर आलेल्या एका शिपायाने इथल्या आयरिश लोकांना हाकलून ही जमीन बळकावली. त्याच्या खापरपणतूने डब्लिनच्या पार्लमेंटात आपलं मत विकलं आणि लॉर्डपण पदरात पाडून घेतलं. तेव्हापासून ते बापाकडून मुलाकडे, मुलगा नसला तर पुतण्याकडे जात आलं. एक पुतण्या बोअर युद्धात गेला, आणि आता हा रेडमंड. जॉर्जिनाच्या पाठीवर आईला मुलगे झाले ते सगळे मेलेलेच. डॉक्टर हात जोडून सांगत होता, आता पुरे. शेवटच्या खेपेला मुलाबरोबर आईही गेली.

"मी लग्न करतोय," म्हातारा म्हणाला. "पाद्र्याची मेबल. धडधाकट आहे. बाप तयार आहे, पोरगीच कुरकुरतेय. उद्या तुला भेटायला येईल. तुझ्यावर विश्वास आहे तिचा."

"मी काय सांगू तिला?"

"वाटेल ते सांग. मुलगा झाला, तर तो मोठा होईपर्यंत सगळा कारभार तुझ्याकडे. नाही झाला, तर मृत्युपत्रात लिहून ठेवीन, मी मेल्यावर घरदार लिलावात. मग बस लोकांच्या पोरींना पियानो शिकवत."

दुसऱ्या दिवशी मेबल आली. हातमोजेही न काढता खुर्चीच्या कडेवर बसली.

"खरं सांगा हं, मिस जॉर्जिना. तुम्ही नको म्हणालात, तर मी बाबांना ठाम नाही सांगेन. गावात म्हणतात, तुमच्या आईचे फार हाल झाले."

आईचं किंचाळणं थांबलं, तेव्हा जॉर्जिना तिच्या उशाशीच होती. दाराबाहेरून वडील विचारत होते, "मुलगा आहे का?" कोणी उत्तर देईना, तसे ते पुन्हा तेच विचारत राहिले.

खिडकीबाहेर जॉर्जिनाने स्वतः लावलेली सफरचंदाची झाडं फुलली होती. तिने एकदा तिकडे पाहिलं. मग तिने मेबलचा हात हातात घेतला.

"गावाचं काय ऐकतेस? आईची प्रकृतीच नाजूक होती. तू तशी नाहीस."

"आणि ते? स्वभावाने?"

"बोलायला फटकळ आहेत. मनाने फार मऊ."

मेबलने सुस्कारा सोडला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसलीही. "तुम्ही इथेच असाल ना माझ्याबरोबर?"

"मी कुठे जाणार, बाळ? चल, पपा वाट बघताहेत."

वडिलांच्या खोलीचं दार जॉर्जिनाने उघडलं आणि ती बाजूला झाली. मेबल अदबीने मागे थांबली.

"छे, आधी तू," जॉर्जिना म्हणाली. "लेडी ड्रमकॅरिक पुढे, आम्ही मागे."

मेबल लाजली आणि आत गेली. जॉर्जिनाने बाहेरूनच दार ओढून घेतलं.