अडीच किलोचे बाळ आणि मी

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मुलांच्या दवाखान्यातला, कडा पिवळ्या पडलेला एक संगणक हे माझे घर. आकडे वाचायचे आणि उत्तर दाखवायचे, एवढेच मला येते.

औषधे देणाऱ्या काकांच्या लेकीने, म्हणजे ताईने, मला सी भाषेत लिहिले. औषधाचे प्रमाण काढताना सिस्टरांची डोकेफोड व्हायची, म्हणून. तिने मला दोन आकडे वाचायला शिकवले. पहिला मुलाच्या वजनाचा, तो पूर्णांक. दुसरा एका मिलीलिटरमध्ये औषध किती मिलिग्रॅम याचा, तो दशांशासकट. दर किलोला एक मिलिग्रॅम औषध, हा हिशेब तिने माझ्यात आधीच लिहून ठेवला. तेव्हा वॉर्डात मोठी मुले असत आणि त्यांचे वजन पूर्ण किलोतच टिपत. माझे उत्तर चुटकीसरशी यायचे. "गुणी आहे आमचा," मोठ्या सिस्टर म्हणायच्या आणि रुमालाने पडदा पुसायच्या.

पुढे ताई नोकरीसाठी परगावी गेली. मोठ्या सिस्टरही निवृत्त झाल्या. मग नवजात बाळांचा कक्ष सुरू झाला आणि माझा संगणक उचलून तिथे नेला.

"प्रोग्राम एकदा तपासून घ्यायचा का?" कुणीतरी विचारले.

"चालतोय ना? मग कशाला हात लावायचा," दवाखान्याचे साहेब म्हणाले.

एका दुपारी अडीच किलोचे बाळ आले. तापाने अंग नुसते फणफणत होते. मोठ्या मुलांच्या वॉर्डातून नुकत्याच आलेल्या सिस्टरांनी वजन टाइप केले, २.५. मी वाचू लागलो. दोन वाचले आणि पुढे टिंब आले. पूर्णांकात टिंब बसत नाही, म्हणून मी तिथेच थांबलो. उरलेले .५ दारातच ताटकळत राहिले. मग दुसरा आकडा वाचायची वेळ आली, तेव्हा तेच आत शिरले. एका मिलीलिटरमध्ये औषध होते पाच मिलिग्रॅम, मी धरले अर्धेच. सिस्टरांचे बोट पाचाच्या कळीवर पोचायच्या आधीच पडद्यावर उत्तर उमटले, चार मिलीलिटर. खरे उत्तर होते अर्धा मिलीलिटर.

आत काय शिरले ते मला दिसत होते. ओरडायला तोंड नव्हते.

बाळाची आई भिंतीला टेकून उभी होती. "सिस्टर, एवढ्याशा जिवाला एवढं औषध?"

"थांबा, परत बघते." त्यांनी पुन्हा २.५ दिले. मी पुन्हा चार दाखवले. दुसरे काय करणार होतो मी?

"दोनदा तेच आलं. मशीन कशाला खोटं बोलेल?"

सुई टोचली गेली. अर्धे औषध गेल्यावर सिस्टरांचा हात एकदम थांबला.

"मी दुसरा आकडा दिलाच नव्हता," त्या पुटपुटल्या. "मग यानं उत्तर काढलं कशावरून?"

त्यांनी सुई काढली आणि डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर धावत आले. संध्याकाळपर्यंत कोणी त्या पाळण्यापासून हलले नाही.

"जीव वाचेल," डॉक्टर आईला म्हणाले. "पण हे औषध जास्त झालं की कानांवर बसतं. ऐकू येईल की नाही, आत्ताच सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी ताई आली. तिने मला उघडले. वजनही दशांशात वाचायला लावले. दोन्ही आकडे खरोखर मिळाले का ते तपासायला आणि ओळीत उरलेसुरले टाकून द्यायला शिकवले.

"इथे कधी अडीच किलोचं माणूस येईल, असं वाटलंच नाही रे मला," ती म्हणाली.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखे प्रोग्राम लिहाल. आम्ही आज्ञाधारक असतो, शहाणे नसतो. नव्या कामाला जुंपण्याआधी आम्हाला एकदा उघडून पाहा. आम्ही नेमके काय वाचले, ते आमच्याकडून वदवून घ्या. आणि तेच उत्तर दोनदा आले म्हणून ते खरे मानू नका.

बाळ आज घरी जाणार आहे. आई त्याच्या कानाशी हळूच टाळी वाजवते. थांबते, त्याच्या तोंडाकडे बघते, आणि पुन्हा वाजवते.