पाहुण्यांचा अर्धा तास

मागच्या खोलीत दिपालीचं नेट तुटायचं ते मुहूर्त बघून तुटावं तसं. पहिल्यांदा तिनं खाडीवरच्या वाऱ्याला शिव्या घातल्या. दुसऱ्यांदा घड्याळ बघितलं. अकराला परीक्षा सुरू झाली होती, साडेअकराला बरोब्बर फोनचा पडदा काळा.

परीक्षा पंचेचाळीस मिनिटांची. मुंबईच्या एका दवाखान्याला घरबसल्या रुग्णांचे फोन घेणारी बाई हवी होती, इकडच्या किनाऱ्याचं बोलणं कळणारी. नवरा गेल्यावर दिपाली रेवदंड्याजवळच्या ह्या माहेरी आली, त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षांत 'मला पायजे' म्हणावं असं हे पहिलंच. दवाखान्याच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "आज चार वाजता शेवटची संधी. पुन्हा तुटलं तर आम्ही दुसरी बघू."

म्हणून तिनं दुपारीच रघूला बोलावलं. गावातल्या नेटच्या तारा रघूनंच ओढलेल्या. त्यानं ओटीवरच्या राउटरला लॅपटॉप जोडला.

"तार ठणठणीत हाय, ताय."

"मग तुटतंय कसं? माझ्याच हाताला काटे हायत?"

रघू हसला नाही. मान खाजवत म्हणाला, "कसंय, ह्या डब्यातनं कंपनीकडं डायल एकच जातो. नाव एक, पासवर्ड एक. तो लागला की पुढं कुणाला किती, ती वाटणी इथं ठरवायची. विनेशच्या ह्या डब्यात दोन वाटण्या हायत. एक 'घर', एक 'पाहुणे'."

पाहुणे म्हणजे शनिवार-रविवारी मुंबईहून येणारे. दिपालीच्या धाकट्या भावानं, विनेशनं, वाडीत त्यांच्यासाठी चार खोल्या बांधल्या होत्या. त्यांच्या न्याहारीचे घावणे पहाटे उठून दिपालीच काढायची. पाहुण्यांना अर्धा तास नेट, मग दहा मिनिटं बंद, मग पुन्हा अर्धा तास. कुणी एकानंच दिवसभर पिक्चर ओढत बसू नये म्हणून.

"मग माझा फोन कुठं हाय?"

रघूनं लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. 'घर'खाली विनेश होता, त्याची बायको राही होती, टीव्ही होता, आईचा जुना फोन होता, फाटकावरचा कॅमेरासुद्धा होता. 'पाहुणे'खाली, तळाच्या ओळीत, दिपाली.

"चुकून पडलं असंल," ती म्हणाली. तिला ते चुकूनच हवं होतं.

"चुकून न्हाय, ताय. मीच टाकलं. विनेशनं सांगितलं, शिमग्यानंतर."

शिमग्यालाच तर तिनं नोकरीचं त्याला सांगितलं होतं. सगळ्यांत आधी त्याला, पानात गरम पोळी वाढताना. "मग पाहुण्यांचं कोण बघणार?" तो म्हणाला होता, आणि ती हसली होती. कौतुकच वाटलं होतं तिला त्याचं.

वाटणी हा शब्द ह्या घरात कधी निघालाच नव्हता. बापाच्या जागेचा कागद झाला तेव्हाही नाही. अलिबागच्या कचेरीत हक्कसोडावर सही करताना वकील म्हणाला होता, "बाई, वाचून घ्या." ती म्हणाली होती, "भावाचा कागद काय वाचायचा?" ज्याला कडेवर घेऊन तिनं खाडीचा चिखल तुडवला, त्यानं तेव्हा डोळे पुसले होते. "ताय, घर तुझंच."

तिनं विनेशला हाक मारली. तो आला, पडदा बघितला आणि म्हणाला, "अगं, नेटमधी नावं तशीच असतात. घर काय, पाहुणे काय."

"मग राहीला टाक पाहुण्यांत."

आत चहा गाळणाऱ्या राहीचा हात थांबला. रघू तारेचं वेटोळं उगाच सोडवत बसला.

"तू नोकरीला लागशील, अलिबागला खोली घेशील," विनेश म्हणाला. "मग आईचं कसं? इथलं कसं? वाईट चिंतलं का मी तुझं?"

"दोनदा रडले मी तुझ्यासमोर. तू म्हणालास, वारा हाय."

विनेशनं नजर राउटरकडे वळवली.

"'राहा' म्हणाला असतास तर राहिले असते रे. एकदा म्हणून बघायचंस."

विनेशनं घसा खाकरला. मग मोठ्या मनानं म्हणाला, "बरं, जाऊ दे. रघू, आजच्या दिवस टाक हिला घरात."

आजच्या दिवस. रघूनं खाली मान घालून बटण दाबलं. दिपालीचं नाव वरच्या ओळीत आलं, कॅमेऱ्याच्या खाली. खोलीत जाऊन तिनं तोंड धुतलं, केस बांधले, दार उघडंच ठेवलं.

चारला मॅडम फोनच्या पडद्यावर आल्या, परीक्षेचे नमुन्याचे फोन सुरू झाले. कुणी म्हातारा छातीत कळ येते म्हणून सांगत होता, कुणी पोर तापलंय म्हणून. दिपाली एकेकाला धीर देत गेली, आवाज कुठं हलू दिला नाही. साडेचार झाले. पावणेपाच झाले. तुटलं नाही.

"छान," मॅडम म्हणाल्या. "एक तारखेपासून, आठ ते दोन. नेट घरचंच आहे ना तुमचं?"

दारात विनेश चहाचा कप घेऊन उभा होता. मान हलवून खुणावत होता, हो म्हण, हो म्हण.

"न्हाय मॅडम," दिपाली म्हणाली. "घर बघायचंय अजून. एक तारखेच्या आत बघते."